‘देवाचे भय’ : कोल्हापूर-बेळगाव परिसरातील ख्रिस्ती जीवन आणि एका शब्दाचा इतिहास (दीर्घ धागा)

१/ कोणाला ‘भित्रा’ म्हटले तर तो चिडतो. ‘पापभीरू’ म्हटले तर सुखावतो. भय ही एरवी लाजेची गोष्ट, पण देवापुढे आली की सद्गुण ठरते, अशी ही मराठीतील सोय आहे. ‘जरा देवाला भिऊन बोल’ असे आपण सहज म्हणतो आणि त्यात कोणाला विसंगती वाटत नाही.

२/ कोल्हापूरच्या वायल्डर मेमोरियल चर्चमध्ये किंवा मराठीत उपासना चालणाऱ्या कोणत्याही चर्चमध्ये ‘परमेश्वराचे भय’ हे शब्द शास्त्रवाचनातून वारंवार कानावर पडतात. बायबलमधील ज्ञानग्रंथांत हे भय शहाणपणाचा आरंभ मानले आहे. त्याच बायबलात, योहानाच्या पत्रात, पूर्ण प्रीती भयाला हुसकून लावते असेही सांगितले आहे. मग ख्रिस्ती माणसाने देवाला भ्यायचे की नाही? पावणेदोनशे वर्षांपूर्वी कोल्हापूर-बेळगावच्या परिसरात हा प्रश्न प्रवचनापुरता नव्हता. त्याच्या उत्तरावर माणसांची घरे टिकत किंवा तुटत होती.

३/ आधी मूळ शब्द. हिब्रूतील ‘यिरा’ या शब्दाचा आवाका मोठा आहे. विजेचा कडकडाट ऐकून उडणारा थरकाप म्हणजे यिरा, आणि अतिपवित्र अशा कशापुढे आपोआप झुकणारी मान म्हणजेही यिराच. पण या शब्दाचा सर्वांत बोलका उपयोग निर्गमच्या पहिल्याच अध्यायात आहे. इब्री स्त्रियांना झालेला प्रत्येक मुलगा मारून टाका, असा हुकूम मिसरचा राजा फारो सुइणींना देतो. शिफ्रा आणि पुवा या दोन सुइणी तो मोडतात. कारण एवढेच दिले आहे, की त्या देवाला भीत होत्या.

४/ या कथेत देवाच्या भयाने माणूस दबलेला नाही, तर राजासमोर ताठ उभा राहिला आहे. एकाला भ्यायचे ठरले की बाकीच्यांना भिण्याची गरज उरत नाही. पुढील सर्व हकिगतींत हे सूत्र लक्षात ठेवावे; ते कधी पाळले गेले, कधी सोयीस्कर विसरले गेले.

५/ मराठी भाषांतराचा इतिहास सिरामपूरपासून सुरू होतो. विल्यम केरी आणि पंडित वैजनाथ यांच्या परिश्रमातून १८०५ मध्ये मत्तयाचे शुभवर्तमान आणि १८११ मध्ये नवा करार मराठीत आला. मुंबईत अमेरिकन मराठी मिशनने १८२६ मध्ये आपला नवा करार काढला आणि १८४७ मध्ये संपूर्ण बायबल मराठीत उपलब्ध झाले. भीती, धाक, आदर, भक्ती असे अनेक शब्द हाताशी होते. मराठी बायबलात रुजला तो मात्र ‘भय’. संस्कृत वळणामुळे तो भारदस्त वाटतो आणि ‘भीती’सारखा घरगुती नाही. शिवाय ‘भय धरणे’ आणि ‘भय बाळगणे’ या क्रियापदांमुळे त्याला एक वेगळाच अर्थ आला. भीती वाटते, ती आपल्या हातात नसते. भय मात्र धरावे लागते, जाणूनबुजून बाळगावे लागते.

६/ पण शब्द कोऱ्या पाटीवर पडत नसतो. एकोणिसाव्या शतकात कोल्हापूर-बेळगावकडच्या श्रोत्याने ‘देवाचे भय’ ऐकले तेव्हा त्याच्या मनात आधीच पुष्कळ भये वस्तीला होती. पटकीची साथ आली की मरीआईचा गाडा वेशीबाहेर नेऊन सोडत. शनीची पीडा, ग्रहणाचे वेध, देवऋष्याने सांगितलेली बाधा, राहून गेलेला नवस अशी त्यांची यादी लांबेल. मिशनरींच्या पुस्तिकांत या सगळ्याची यथेच्छ टिंगल आहे.

७/ ती टिंगल अर्धवट होती, हेही नोंदवले पाहिजे. ज्या देवीच्या कोपाला लोक भीत, तिलाच ‘आई’ म्हणून हाक मारत. अंबाबाईच्या कोल्हापुरात हे वेगळे सांगायला नको. भय आणि माया एकाच मूर्तीपाशी नांदू शकतात ही गोष्ट मराठी माणसाला कोणी परदेशातून येऊन शिकवण्याची गरज नव्हती. उलट, अंधश्रद्धेच्या भयावर टीका करणारे काही उपदेशक दुसऱ्याच पानावर नरकाच्या अग्नीचे वर्णन रंगवत, तेव्हा ऐकणाऱ्याला एका भयाच्या जागी दुसरे भय आले एवढेच कळे.

८/ याहून जुना आणि कठोर अनुभव गोव्याचा. इंग्रज जेजुइट थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले आणि मराठी ओवीने ख्रिस्तकथेला आपले रूप दिले. त्याच गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशनचे न्यायालय बसलेले होते, ते १८१२ पर्यंत चालले. नवख्रिस्ती घरात जुनी एखादी चालरीत पाळली गेली तरी चौकशी होऊ शके. तेथे देवाचे भय आणि कचेरीचे भय वेगळे काढणे सामान्य माणसाला शक्यच नव्हते. ओवी कितीही गोड असली तरी तिच्या पाठीमागे शिपाई उभा होता.

९/ कोल्हापूर संस्थानात मिशन आले ते असा शिपाई बरोबर न घेता. अमेरिकन बोर्डाचे रॉयल गोल्ड वायल्डर अहमदनगरला काही वर्षे काम करून १८५२ च्या अखेरीस कोल्हापुरात दाखल झाले. त्यांचा भर शाळांवर होता. दोनच वर्षांनी बोर्डाचे सचिव रुफस अँडरसन यांचे शिष्टमंडळ हिंदुस्थानात आले आणि धोरण फिरले. शाळांवर, विशेषतः इंग्रजी शाळांवर, फार शक्ती घालवू नये. देशी भाषेत उपदेश करावा आणि देशी मंडळ्या उभ्या कराव्यात, असे ठरले.

१०/ वायल्डरना हे पटले नाही. १८५७ मध्ये ते अमेरिकेस परतले, बोर्डाशी त्यांचे बिनसले आणि १८६१ मध्ये मिशनशाळांच्या बाजूने त्यांनी एक पुस्तकच प्रसिद्ध केले. त्याच वर्षी बोर्डाचे पाठबळ नसताना ते कोल्हापुरास परत आले. १८७० मध्ये प्रेस्बिटेरियन मिशनने हे काम आपल्याकडे घेईपर्यंत त्यांनी ते स्वतंत्रपणे चालवले. अँडरसन यांच्या धोरणात तथ्य नव्हते असे नाही. देशी मंडळ्यांनी आपल्या पायांवर उभे राहावे ही त्यांची भूमिका आज अधिक दूरदृष्टीची वाटते. पण वरिष्ठांपुढे मान न तुकवता आपल्या विवेकाने चालणे हे त्या सुइणींच्या वळणाचे होते, आणि कोल्हापूरच्या पहिल्या ख्रिस्ती पिढीने ते डोळ्यांदेखत पाहिले.

११/ वायल्डर मात्र अमेरिकन होते. बोर्डाशी वितुष्ट आले तरी त्यांची जात जाणार नव्हती, त्यांना विहिरीवर कोणी अडवणार नव्हते. देवाला भिण्याची खरी किंमत पाहायची तर कोल्हापूरच्या दक्षिणेला बेळगावकडे वळले पाहिजे.

१२/ बाबा पदमनजी १८३१ मध्ये बेळगावात एका कासार कुटुंबात जन्मले. १८८८ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र म्हणजे एका भाविक मुलाच्या मनातील भयांची तपशीलवार नोंदवही आहे. व्रते, उपास, पोथ्या, कीर्तने यांत रमलेला हा मुलगा होता. बेळगावच्या मिशनशाळेत आणि पुढे मुंबईला फ्री चर्चच्या विद्यालयात शिकताना एकेक समजूत गळत गेली. तर्काने समजूत जाते, पण तिच्याबरोबर भय लगेच जात नाही. या मधल्या काळाचे असे प्रांजळ वर्णन त्या काळच्या मराठीत क्वचितच सापडेल.

१३/ मुंबईत ते परमहंस सभेत गेले. १८४९ च्या सुमारास दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या मित्रांनी काढलेली ही गुप्त मंडळी जातिभेद मानीत नसे. सभासद होताना ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. दार लावून, दिवे मंद करून जात मोडायची आणि सकाळी सोवळ्याने घरी वावरायचे, असा हा प्रकार होता. सभासदांची वही मात्र होती, आणि १८६० च्या सुमारास ती चोरीस गेली. नावे फुटणार या धास्तीनेच सभा विस्कटली.

१४/ परमहंसांना हसणे सोपे आहे. पण विशी-पंचविशीतील तरुण, घरात बायको-मुले, डोक्यावर वडील आणि मागे ज्ञाती. बहिष्कार म्हणजे नुसते टोमणे नव्हेत. न्हावी येत नाही, धोबी येत नाही, बहिणीचे लग्न मोडते, प्रेताला खांदा मिळत नाही. त्यांनी देव एकच आहे हे मान्य केले होते. लोकांना भिणे मात्र सोडले नव्हते. बाबा पदमनजींना याच दुभंगाचा जाच झाला. पटलेले सत्य लपवून ठेवणे हेही पाप आहे, या विचाराने त्यांना पुरते घेरले आणि सप्टेंबर १८५४ मध्ये त्यांनी बेळगावात बाप्तिस्मा घेतला.

१५/ येथे ‘देवाचे भय’ या शब्दाचा अर्थ लख्ख होतो. बाबांच्या मनात एका पारड्यात वडील, ज्ञाती आणि गाव होते. दुसऱ्यात एकटा देव. कोणाचे भय जास्त, एवढाच प्रश्न होता. तीन वर्षांनी त्यांनी ‘यमुनापर्यटन’ लिहिले. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून ती ओळखली जाते आणि तिचा विषय हिंदू विधवांची स्थिती हा आहे. विधवेचे केशवपन आणि तिचा कोंडमारा लोक धर्म म्हणून कमी आणि ‘लोक काय म्हणतील’ म्हणून अधिक चालवतात, हे ज्याने स्वतः सोसले त्याला नेमके दिसले असणार.

१६/ पाश्चात्त्य धर्मशास्त्राने या भयाची जुनी वाटणी करून ठेवली आहे : गुलामाचे भय आणि पुत्राचे भय. गुलाम मार बसेल म्हणून भितो. पुत्र बापाचे मन दुखावेल म्हणून. ऑगस्टीनपासून अक्वायनसपर्यंत हा भेद चालत आला, आणि ख्रिस्ती माणसाने पहिल्याकडून दुसऱ्याकडे जावे अशी शिकवण आहे. लूथरने आपल्या लहान प्रश्नोत्तरावलीत प्रत्येक आज्ञेचा अर्थ सांगताना भय आणि प्रीती यांची जोडी एकत्रच ठेवली.

१७/ हा भेद मराठी घरात आणला की मोठी गंमत होते. एकोणिसाव्या शतकातील मराठी बाप आठवून पाहावा. तो ओसरीवर आला की घर चिडीचूप. मुलगा वडिलांसमोर बसत नसे, स्वतःच्या मुलाला त्यांच्यादेखत उचलून घेत नसे. ‘बापाचा धाक’ हा येथे पुत्राच्या प्रेमाचा दाखला नव्हता. तो खराखुरा धाक होता. देवाला बाप समजा आणि पुत्रासारखे भ्या, असे सांगितले तर मराठी मुलाला गुलामाचे भय आणि पुत्राचे भय यांत फारसे अंतर दिसू नये, हे स्वाभाविक होते.

१८/ ही अडचण ज्यांच्या काव्याने आपोआप सुटली ते नारायण वामन टिळक. रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचे, जन्म १८६१, बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते सांगत. वारकऱ्यांनी विठ्ठलाला माउली म्हटले होते. टिळकांनी ख्रिस्ताला माउली म्हटले. आईचेही भय असते. पण आई रागावेल यापेक्षा ती रडेल याचे भय मोठे. धर्मशास्त्री ज्याला पुत्राचे भय म्हणत होते ते मराठीत आईपाशी सापडले. हा बदल टिळकांनी वाद घालून केला नाही, अभंगांनी केला, म्हणूनच तो चर्चमध्ये टिकला.

१९/ टिळकांच्या घरातील भयाची अधिक खरी कथा मात्र लक्ष्मीबाईंची आहे. ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी वडिलांच्या सोवळ्याचे वर्णन केले आहे. घरात येणारी वस्तू अन् वस्तू धुऊन घेण्यापर्यंत ते सोवळे गेले होते आणि सारे घर त्याखाली दबून होते. नवऱ्याच्या बाप्तिस्म्यानंतर काही वर्षे त्या त्यांच्यापासून दूर राहिल्या. परत आल्या तेव्हाही त्यांचे खाणेपिणे वेगळे होते. मग एके दिवशी माणसाने माणसाचा विटाळ का मानावा, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला, आणि विटाळाचे भय गळून पडले. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. आधी माणसांचे भय गेले, नंतर धर्मांतर झाले. बाबा पदमनजींपेक्षा हा क्रम उलटा आहे, आणि बहुधा अधिक बायकी शहाणपणाचा.

२०/ पंडिता रमाबाईंना वगळून हा विषय पुरा होणार नाही. १८७४ नंतरच्या दुष्काळी वर्षांत मद्रास इलाख्यात भटकताना त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि बहीण यांचा अंत झाला. तीर्थस्नाने, दाने, पारायणे सारे केले. देव पावला नाही. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. येथे कथा संपली असे तेथील मठवासी भगिनींना वाटले असेल. ती तेथे सुरू झाली.

२१/ सिस्टर जेराल्डीन यांच्याशी रमाबाईंचा झालेला पत्रव्यवहार वाचण्यासारखा आहे. गळ्यातील क्रूसावर लॅटिन अक्षरे का? संस्कृत का नको? शाकाहार का सोडावा? बायबल वाचून पटत नाही ते केवळ चर्च सांगते म्हणून का मानावे? पुरोहितांचे एक जोखड नुकतेच उतरवले आहे, दुसरे मी मानेवर घेणार नाही, असा त्यांचा पवित्रा होता. जेराल्डीन यांना यात अहंकार दिसला. नीट पाहिले तर यात देवाचे भय आहे. ज्याला देवापुढे स्वतःच्या विवेकाचा जाब द्यायचा आहे, तो तो विवेक बिशपाकडे गहाण ठेवू शकत नाही.

२२/ याच रमाबाईंच्या केडगावच्या मुक्तिसदनात जून १९०५ च्या अखेरीस जे घडले ते मात्र वेगळ्या जातीचे होते. मुली पापांची कबुली देत ओक्साबोक्शी रडू लागल्या. अंगात आग पेटल्यासारखे वाटल्याचे त्यांनी सांगितले. आदल्या वर्षी वेल्समध्ये झालेल्या पुनरुज्जीवनाशी त्याची तुलना झाली. आजच्या वाचकाला हे अस्वस्थ करते, आणि करावे. दुष्काळातून वाचलेल्या, टाकलेल्या, छळ सोसलेल्या मुलींनी स्वतःला पापी म्हणून इतके रडावे, याचा विचार करताना घशाशी आवंढा येतो. पण त्या रडण्यानंतर अनेक मुली गटागटाने गावोगाव प्रार्थनेला आणि उपदेशाला बाहेर पडल्या, हेही त्याच इतिहासात आहे. त्या काळी कोणत्या विधवेला असे चारचौघांत बोलता येत होते?

२३/ पुन्हा दक्षिण महाराष्ट्राकडे. डॉक्टर विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेचे रुग्णालय उघडले आणि ते देशभर गाजले. शस्त्रक्रियेआधी प्रार्थना करण्याचा त्यांचा प्रघात होता. हातात सुरी असलेल्या माणसाने आधी आपल्या हाताची मर्यादा मान्य करावी, असा देवभयाचा हा निराळा, कामाचा अर्थ. नरकाच्या पुस्तिकांपेक्षा तो मिरजेच्या परिसरात जास्त लोकांना समजला असावा.

२४/ आतापर्यंतची नावे शिकल्यासवरल्यांची होती. कोल्हापूर-सांगली भागातील ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग मात्र महार आणि मांग वस्त्यांतून आला. त्यांनी आत्मचरित्रे लिहिली नाहीत. त्यांच्यासाठी भय म्हणजे पाटील, चावडी आणि वतन. वतनाच्या तुकड्यापायी गावकीची वेठ पिढ्यान्‌पिढ्या चालत होती. राजर्षी शाहूंनी १९१८ मध्ये महार वतने रद्द करून तिच्या मुळावर घाव घातला. त्याआधी रविवारी काम न करता उपासनेला बसणे म्हणजे पाटलाच्या बोलावण्याला नाही म्हणणे होते. तेथे शिफ्रा आणि पुवा यांची गोष्ट कोणाला समजावून सांगावी लागली नसेल.

२५/ चर्चने त्यांना निर्भय केले का? काही बाबतीत केले. मुले शाळेत गेली, मुली परिचारिका आणि शिक्षिका झाल्या. पण जात उंबरठ्याबाहेर राहिली नाही. एका पंगतीत जेवण झाले तरी सोयरीक जमवताना पूर्वीची वस्ती विचारली जाई. एकाच देवाला भिणाऱ्या मंडळीने समाजाला भिणे सोडले नाही, ही मराठी ख्रिस्ती इतिहासातील सर्वांत अवघड नोंद आहे आणि ख्रिस्ती लेखकांनी स्वतःच ती वेळोवेळी केली आहे.

२६/ आणि मग १९५० मध्ये राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींविषयीचा आदेश आला. अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवण्यात आला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. वस्ती तीच, गरिबी तीच, शेजाऱ्यांचे वागणे तेच. धर्माच्या रकान्यात एक शब्द लिहिला की शिष्यवृत्ती आणि राखीव जागा गेल्या.

२७/ त्यामुळे देशात अनेक ठिकाणी असे घडत आले आहे, की रविवारी चर्चमध्ये बसणाऱ्या मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर धर्म वेगळा असतो. दाखला भरताना आईवडिलांची बोटे थबकतात. खरे लिहावे तर मुलाचे शिक्षण अडते, न लिहावे तर मन खाते. परमहंस सभेच्या सभासदांना चोरीला गेलेल्या वहीतील आपल्या नावाची धास्ती होती. येथे वही सरकारी आहे आणि नाव आईबापांनीच आपल्या हाताने लिहिलेले आहे. येत्या रविवारी शास्त्रवाचनात ‘परमेश्वराचे भय’ हे शब्द पुन्हा येतील, आणि ते घर नेहमीच्या बाकावर बसून ऐकत असेल.